लेकीला गोळ्या नको, तिचे कागद पाठवा

प्रश्न : ताई, माझी मुलगी २९ वर्षांची. लग्नानंतर चार महिन्यांपासून जावयांबरोबर इंग्लंडात, लेस्टरला आहे. जावई आयटीत, स्किल्ड वर्कर व्हिसावर; ती डिपेंडंट म्हणून गेली. तिला आठवा आठवडा चालू आहे. पाच वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे, इथून नेलेल्या गोळ्या अजून महिनाभर पुरतील. तिथल्या दवाखान्यात नाव नोंदवायला गेली तर पत्त्याचा पुरावा मागितला. लाइटबिल घरमालकाच्या नावावर, म्हणून परत आली आणि पुन्हा गेलीच नाही. मागच्या पंधरवड्यात तिला ताप-खोकला झाला. मी आमच्या डॉक्टरांना विचारून अँटिबायोटिकचं नाव व्हॉट्सॲपवर कळवलं, तर तिथल्या केमिस्टनं दिलंच नाही. माझी नणंद म्हणते, तिकडे मरायला टेकल्याशिवाय कुणी बघत नाही, बाळंतपणाला इकडेच आण. व्हिसाच्या वेळी दवाखान्याचे म्हणून एवढे पैसे भरले, ते वाया गेले का? मी औषधांचं पार्सल पाठवू का? तिला बडोद्याला आणू का? आणि आम्ही दोघं तिकडे गेलो तर आमचं काय? मला डायबिटीस आहे, ह्यांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे.
— एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर :

ताई,

तुम्ही बरंच विचारलं आहे, पण घाईच्या गोष्टी दोनच आहेत, त्या आधी सांगते. लेकीचं नाव याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंदलं गेलं पाहिजे. आणि तिनं मिडवाइफकडेही, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित सुईणीकडेही, याच आठवड्यात नाव द्यायला हवं. बाकीचं पत्र तुम्ही सावकाश वाचा, पण एवढं तिला आजच फोन करून सांगा.

आधी पत्त्याच्या पुराव्याचं. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव नोंदवायला ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, व्हिसाचे कागद, एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, नंबर यांपैकी काहीही सक्तीचं नाही. हे एनएचएसनं स्पष्ट लिहून ठेवलेलं आहे. दवाखाना कागद मागू शकतो, पण कागद नाही म्हणून नोंदणी नाकारू शकत नाही. नाकारायचीच असेल तर ‘आमची यादी भरली आहे’ किंवा ‘तुम्ही आमच्या हद्दीत राहत नाही’ असं रास्त कारण लागतं, आणि ते १४ दिवसांच्या आत लेखी द्यावं लागतं. काउंटरवर बसलेल्या माणसाला स्वतःच्याच खात्याचा नियम माहीत नसणं आपल्याकडे होतं, तसं तिकडेही होतं. त्यात लेकीची चूक काहीच नाही. ती परत फिरली, कारण आपल्याकडे खिडकीवरून ‘कागद आणा’ म्हटलं की माणूस परतच फिरतो.

आता तिनं काय करावं? बऱ्याच दवाखान्यांची नोंदणी एनएचएसच्या संकेतस्थळावरून घरबसल्या होते, तिथे काउंटरचा प्रश्नच येत नाही. ते जमलं नाही तर नोंदणीचा कागदी फॉर्म भरून हातात द्यायचा आणि शांतपणे म्हणायचं, ‘माझ्याकडे पुरावा नाही, पण नियमाप्रमाणे तो लागत नाही. तुम्ही नाकारत असाल तर कारण लिहून द्या.’ पुष्कळदा ‘लिहून द्या’ म्हटल्यावरच मॅनेजर बाहेर येतो आणि काम होतं. याच कामासाठी ‘मला नोंदणीचा हक्क आहे’ असं छापलेलं छोटं कार्डही एनएचएसनं काढलं आहे. ते मोबाइलवर ठेवलं तरी चालतं. तरीही नाहीच झालं तर त्याच भागात दुसरा जीपी बघावा, हट्टानं एकाच दाराशी उभं राहू नये. नोंदणी व्हायच्या आत तातडीची गरज पडली, तर जीपीला १४ दिवसांपर्यंतचे अत्यावश्यक उपचार विनामूल्य द्यावे लागतात, हेही तिला माहीत असू द्या.

मिडवाइफसाठी जीपीची वाट बघायची गरज नाही. तिथल्या हॉस्पिटलच्या प्रसूती विभागाकडे स्वतः नाव देता येतं, बहुतेक ठिकाणी संकेतस्थळावरचा फॉर्म भरून. पहिली सविस्तर भेट, तिला ते ‘बुकिंग अपॉइंटमेंट’ म्हणतात, दहा आठवडे पूर्ण व्हायच्या आत व्हावी असा त्यांचा आग्रह असतो. त्यामागे ठोस कारण आहे. सिकलसेल आणि थॅलेसीमिया या आनुवंशिक रक्तविकारांची तपासणी दहा आठवड्यांच्या आत झाली, तर गरज पडल्यास नवऱ्याचंही रक्त तपासून पुढचा विचार करायला वेळ मिळतो. गुजरातेत राहणाऱ्या कुणाही कुटुंबाला थॅलेसीमियाची तपासणी काय असते हे समजावून सांगावं लागू नये. तुमच्या लेकीचा आठवा आठवडा चालू आहे, म्हणजे हाताशी पंधरवडा आहे.

आता थायरॉइडची गोळी. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ ही वाटली. गरोदरपणात थायरॉइडच्या संप्रेरकाची गरज वाढते, आणि पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असतं. त्यामुळे ‘महिनाभर पुरतील’ हा हिशेब पुरेसा नाही. आधीचा डोस आता पुरतो का हे लगेच रक्त तपासून बघायला हवं. तिनं गोळी एक दिवसही थांबवू नये, आणि स्वतःच्या किंवा आपल्या डॉक्टरांच्या फोनवरच्या अंदाजानं वाढवूही नये. मिडवाइफला आणि जीपीला पहिल्याच वाक्यात सांगायचं : मी गरोदर आहे आणि लेव्होथायरॉक्सिन घेते. इथल्या गोळीचं ब्रँडनाव तिथे कुणी ओळखणार नाही, म्हणून लेव्होथायरॉक्सिन हेच नाव आणि मायक्रोग्रॅमचा आकडा सांगावा. पुढे लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्या आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवायचं.

इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी ब्रिटनमधल्या फार्मसीत चालत नाही. गोळ्या संपल्यावर ती तुमच्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन घेऊन गेली तरी फार्मासिस्टला त्या देता येणार नाहीत. अँटिबायोटिक दिलं नाही ते याच कारणानं. तिथे अँटिबायोटिक सहसा चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि मला ते बरोबरच वाटतं. साध्या विषाणूच्या तापाला त्याचा उपयोग नसतो, आणि गरोदर बाईला, तिला न तपासता, सात हजार किलोमीटरवरून त्याचं नाव सुचवणं धोक्याचं आहे. तुमचे डॉक्टर चांगले असतील, पण त्यांनी तिची छाती तपासलेली नाही.

म्हणून पार्सलचं माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. आपल्या घरोघरी जी अंगदुखीची, तापाची गोळी असते तिच्यात बऱ्याचदा पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असतं. गरोदरपणात, आणि विशेषतः वीस आठवड्यांनंतर, ते घ्यायचं नसतं. निमेसुलाइड हे वेदनाशामक तर ब्रिटनमध्ये वापरातच नाही. काही वेदनाशामकं आणि झोपेच्या गोळ्या तिथे नियंत्रित औषधांत मोडतात, त्या पाठवल्या तर लेकीलाच उत्तरं द्यावी लागतील.

तुम्ही पाठवायची गोष्ट वेगळी आहे, आणि ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे नाही. आपल्याकडे रुग्णाची फाइल रुग्णाच्या घरी असते. सयाजी हॉस्पिटलात केस काढा नाहीतर अलकापुरीतल्या खासगी डॉक्टरकडे जा. रिपोर्ट, सोनोग्राफीच्या फिल्म, जुन्या चिठ्ठ्या सगळं आईच्या कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत. इंग्लंडमध्ये उलटं आहे. जन्मापासूनची नोंद जीपीकडे असते, माणूस घर बदलतो तसा तो रेकॉर्डही नव्या जीपीकडे जातो, आणि हॉस्पिटलला माहिती तिथूनच मिळते. तुमच्या लेकीचं तिथलं पान कोरं आहे. तिच्याबद्दल जे काही ठाऊक आहे ते त्या पिशवीत आणि तुमच्या डोक्यात आहे.

तेव्हा एक दुपार काढा. तिचे थायरॉइडचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून मोबाइलवर स्कॅन करा. रक्तगट. लहानपणचं लसीकरणाचं कार्ड असेल तर ते, आणि विशेषतः रुबेलाची लस झाली होती का. कुठलं ऑपरेशन, कुठल्या औषधाची ॲलर्जी, कधी कावीळ किंवा टीबी. आधी कधी गर्भपात झाला असेल तर तोही; सासरी माहीत नसेल तरी मिडवाइफला माहीत असायला हवा, आणि तिची ही माहिती गोपनीय राहते. हे सगळं इंग्रजीत एका पानावर लिहून तिला पाठवा. तुमच्या डॉक्टरांचा खरा उपयोग इथे आहे : त्यांच्याकडून निदान, औषधाचं मूळ नाव, डोस आणि शेवटच्या रिपोर्टची तारीख असं छोटं पत्र लिहून घ्या. ते पत्र प्रिस्क्रिप्शन म्हणून चालणार नाही, पण तिथल्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत सगळं समजेल.

आणि तुमचा डायबिटीस. तो तुम्ही स्वतःच्या प्रवासाच्या काळजीपोटी लिहिलात, पण तो लेकीच्या कागदावर वरच्या ओळीत यायला हवा. आईला किंवा वडिलांना डायबिटीस असणं आणि दक्षिण आशियाई वंश, या दोन्ही गोष्टी तिथे गरोदरपणातल्या मधुमेहाच्या जोखमीत धरल्या जातात. अशा बायकांना साधारण २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ग्लुकोज पिऊन करायची तपासणी देऊ करतात. मिडवाइफ पहिल्या भेटीत घरच्यांच्या आजारांबद्दल विचारेलच. तेव्हा ‘तसं काही नाही’ असं बोलून जाण्याची आपल्या मुलींना सवय असते, कारण घरचे आजार बाहेर सांगायचे नाहीत असं आपणच शिकवलेलं असतं. तिला सांगा, सगळं सांग.

पैसे वाया गेले का? अजिबात नाही. ते इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज म्हणून भरलेले आहेत. ६ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड असा त्याचा दर आहे, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे पैसे आधीच घेतात. तीन वर्षांचा व्हिसा असेल तर माणशी ३,१०५ पौंड, दोघांचे मिळून ६,२१०. आपल्या रुपयांत सात लाखांच्या वर. एवढे भरून तुमची लेक एनएचएसच्या दाराबाहेर उभी आहे, हे मला सहन होत नाही. या भरण्यामुळे तिला जवळजवळ तिथल्या रहिवाशासारखीच सेवा मिळते : जीपी, हॉस्पिटल, प्रसूती, गरज पडली तर सिझेरियन, यांचं वेगळं बिल येत नाही. इंग्लंडमध्ये औषधाच्या प्रत्येक नगाला ९.९० पौंड पडतात, पण गरोदर बाईला बाळंतपणानंतरच्या बारा महिन्यांपर्यंत तेही माफ असतात. मिडवाइफ किंवा जीपी तिला त्याचं प्रमाणपत्र काढून देईल. थायरॉइडची गोळी कायम घेणाऱ्यांना पुढेही वेगळी माफी आहे, तो अर्जही जीपीकडूनच होतो. दातांचे उपचारही याच काळात मोफत आहेत, मात्र एनएचएसचे नवे रुग्ण घेणारा दंतवैद्य मिळणं कठीण असतं, शोध लवकर सुरू करायला सांगा.

आता नणंदेचं म्हणणं. ते सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. आपण बडोद्यात कान दुखला की सरळ कानाच्या डॉक्टरकडे जातो, संध्याकाळी रिपोर्ट हातात घेतो. तिथे स्पेशालिस्टकडे जीपीच पाठवतो. ठरवून करायच्या उपचारांना १८ आठवड्यांची मर्यादा कागदावर आहे, पण ती गेली कित्येक वर्षं पाळली गेलेली नाही. इमर्जन्सी विभागात चार तासांचं उद्दिष्ट आहे, तेही रोज चुकतं. गुडघा दुखतो, पित्त होतं, अशा गोष्टींसाठी तिथे माणूस खरंच कंटाळून जातो. पण ‘मरायला टेकल्याशिवाय बघत नाहीत’ हे प्रसूतीच्या बाबतीत खरं नाही. गरोदर बाई या रांगांत उभी नसते. तिच्या भेटींचं, सोनोग्राफीचं, रक्ततपासणीचं वेळापत्रक पहिल्या दिवशीच ठरतं. पहिलटकरणीला साधारण दहा भेटी असतात.

एक गोष्ट मात्र तुम्हाला खटकेल, म्हणून आधीच सांगते. तिथे बहुतेक भेटींत डॉक्टर नसतो, मिडवाइफ असते. आणि सोनोग्राफी सहसा दोनच : एक ११ ते १४ आठवड्यांत, दुसरी विसाव्या आठवड्याच्या आसपास. इथे दर महिन्याला सोनोग्राफी बघायची सवय झालेल्या आईला वाटतं, हेळसांड चालली आहे. तसं नाही. मिडवाइफ ही त्याच कामाची पदवी घेतलेली, नोंदणीकृत बाई असते आणि सुरळीत बाळंतपण ती स्वतः करते. काही वेगळं दिसलं, किंवा थायरॉइडसारखा आधीचा आजार असला, तर ती डॉक्टरकडे पाठवते. जास्त सोनोग्राफी म्हणजे जास्त काळजी हे आपल्या डोक्यात बसलेलं गणित आहे, त्यावर लेकीशी वाद घालू नका. आणि एक विनंती : विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत तिथे बहुतेक ठिकाणी, विचारलं तर, मुलगा की मुलगी हे सांगतात. कायद्यानं तिथे बंदी नाही. तुम्ही फोनवर विचारू नका, नणंदेलाही विचारू देऊ नका.

तिथल्या यंत्रणेत एक गोष्ट लेकीला शिकावी लागेल, ती म्हणजे स्पष्ट बोलणं. जीपीच्या दवाखान्यात फोन घेणारी व्यक्ती तुमच्या शब्दांवरून ठरवते की आज बोलवायचं, उद्या, की फार्मसीत पाठवायचं. आपल्या मुली ‘थोडंसं बरं नाही’ म्हणतात आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख घेऊन गप्प बसतात. तिनं म्हणायला हवं : मी अमुक आठवड्यांची गरोदर आहे, तीन दिवस १०१ ताप आहे, पाणीसुद्धा पोटात राहत नाही. त्यात अतिशयोक्ती नको, फक्त आकडे आणि काय करता येत नाही ते. फोन लागत नसेल तर दवाखान्याचा ऑनलाइन फॉर्म सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहापर्यंत उघडा ठेवणं इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक आहे. रात्री-अपरात्री, जिवावरचं नाही पण थांबवतही नाही असं काही असेल तर १११ हा क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट. श्वास लागणं, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, भरपूर रक्त जाणं यासाठी ९९९.

इंग्रजीत नीट सांगता येत नसेल तर दुभाषी मागता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. तुमची लेक दांडिया बाजारात वाढली आहे, तिला गुजराती घरच्यासारखी येत असणार. लेस्टरमध्ये ती फार कामाला येईल. बेलग्रेव्हच्या बाजूला कितीतरी दुकानांत, फार्मसीत गुजराती सर्रास बोलतात. फार्मासिस्टकडे साध्या तक्रारींचा सल्ला फुकट मिळतो, आणि घसा, सायनस अशा काही दुखण्यांवर जीपीच्या चिठ्ठीशिवाय औषधही मिळू शकतं. मात्र लघवीला जळजळ झाली तर गरोदर बाईनं फार्मसीत थांबायचं नाही. त्यांना ते औषध गरोदरपणात देता येत नाही, जीपी किंवा मिडवाइफकडेच जायचं.

आणखी एक. प्रसूती विभागाचा चोवीस तास चालणारा फोन नंबर बुकिंगच्या वेळी मिळतो. तो तिच्या, जावयांच्या आणि तुमच्याही फोनमध्ये असू द्या. रक्त जाणं, पोटात खूप दुखणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे चमकणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, तळहात-तळपायांना असह्य खाज सुटणं. यांपैकी काहीही झालं तर तुम्हाला फोन करण्याआधी तिनं तिथे करायचा. खाजेचं मुद्दाम लिहिलं आहे. आपल्याकडे ‘गर्मी झाली, खोबरेल लाव’ म्हणतात, पण गरोदरपणातल्या एका यकृताच्या आजाराचं ते लक्षण असू शकतं आणि भारतीय वंशाच्या बायकांत तो तुलनेनं जास्त दिसतो. हालचाल कमी वाटली तर ‘उद्या सकाळी बघू’ म्हणू नये, रात्री दोन वाजता करावा फोन. तिथे कुणी ओरडणार नाही.

बडोद्याला आणण्याबद्दल माझं मत : आणू नका, निदान भीतीपोटी तरी नाही. थायरॉइडचा डोस तिथे बसवायचा आणि मधेच इथे नव्या डॉक्टरकडे जायचं, यात तिचंच नुकसान आहे. विमान कंपन्या साधारण २८ ते ३२ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ च्या सुमारास घेतच नाहीत, म्हणजे खूप आधी यावं लागेल, आणि शेवटचे दोन-तीन महिने जावई तिकडे. बाळ इथे जन्मलं तर त्याचा पासपोर्ट, मग डिपेंडंट व्हिसा, त्याचा वर्षाला ७७६ पौंड सरचार्ज, आणि हे सगळं होईपर्यंत बाळ-बाळंतीण इथे अडकून. तिला खरोखरच माहेरी यायचं असेल, तिकडे एकटं एकटं वाटत असेल, तर ती गोष्ट वेगळी. ते तिच्या तोंडून ऐका. तिनं आपणहून म्हटलं तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात, दोन्हीकडच्या डॉक्टरांशी बोलून, आणा.

बाळ तिकडे जन्मलं तर एका मुदतीची माहिती फार थोड्यांना असते. आईवडील व्हिसावर असले तर तिथे जन्मलेलं मूल आपोआप ब्रिटिश नागरिक होत नाही. १९८३ पासून तसा कायदा आहे. सरचार्ज भरलेल्या आईच्या बाळाला पहिले तीन महिने एनएचएसमध्ये शुल्क पडत नाही, पण त्यानंतर हॉस्पिटलची सेवा मोफत चालू राहायला बाळासाठी व्हिसाचा अर्ज आणि सरचार्ज झालेला असावा लागतो. जन्माची नोंद ४२ दिवसांत, मग भारतीय पासपोर्ट, मग व्हिसा. जावयांना हे आत्ताच सांगून ठेवा, बाळंतपणाच्या धांदलीत ते तीन महिने कसे सरतात ते कळत नाही.

आणि बाळाला बीसीजी, म्हणजे टीबीची लस. तिथे ती सगळ्या बाळांना देत नाहीत. पण आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणी टीबी जास्त असलेल्या देशात जन्मलेलं असेल तर बाळाला साधारण २८ दिवसांनी देतात. तुमच्या नातवंडाला ती मिळायला हवी. मिडवाइफनं विचारलं नाही तर लेकीनं आठवण करून द्यावी.

आता तुम्ही दोघं. इथे मात्र जरा कठोर लिहिते. लेकीनं भरलेला सरचार्ज तुम्हाला लागू नाही. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्यांना जीपीला भेटणं आणि इमर्जन्सी विभागातली तपासणी मोफत असते, पण तिथून वॉर्डात भरती केलं की मीटर सुरू होतं, आणि पाहुण्यांना एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं. भारत आणि ब्रिटन यांच्यात उपचारांबद्दल परस्पर करार नाही. तातडीचे उपचार पैशांवाचून अडवून ठेवत नाहीत, तेव्हा छातीत दुखलं तर बिलाचा विचार न करता ९९९ लावायचा. पण बिल नंतर येतंच, आणि ५०० पौंडांच्या वर दोन महिने थकलं तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

म्हणून प्रवास विमा घ्याच, आणि घेताना यजमानांची अँजिओप्लास्टी आणि तुमचा डायबिटीस दोन्ही लिहून घ्या. एजंट म्हणेल, लिहू नका, प्रीमियम वाढेल. ऐकू नका, लपवलेला आजार निघाला की क्लेम जातो. बऱ्याच पॉलिसींत आधीच्या आजाराला एकतर संरक्षण नसतं किंवा फक्त जीव वाचवण्यापुरतं, तेही ठरावीक रकमेपर्यंत असतं. ते पान आधी वाचा, लेकीला किंवा कुणा भाच्याला वाचायला लावा, आणि हृदयाच्या आजारासाठी किती रक्कम आहे तो आकडा एजंटकडून लेखी घ्या. निघण्याआधी यजमानांच्या कार्डिओलॉजिस्टना दाखवा. तुमची औषधं पूर्ण मुक्कामाची, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन असेल तर ते सामानात अजिबात टाकू नका.

बॅगेत कढवलेलं तूप आणि पेढे मात्र घेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. तूप, डिंक, सुंठ, सुवा सगळं लेस्टरला मिळतं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांआधी करता येत नाही, म्हणजे अजून तुम्हाला अवधी आहे. आधी लेकीचा कागद करा. तिची बुकिंगची भेट झाली आणि थायरॉइडचा रिपोर्ट आला की मला दोन ओळी लिहा.